‘स्वच्छ’, पुणे : दारातून कचरा नेण्याची सेवा, एका सोसायटीच्या सचिवाचा अनुभव

आमची सोसायटी सहकारनगरमधली. जुनी, तीन मजली, चोवीस बिऱ्हाडांची. लिफ्ट नाही. पोस्टातून निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी सचिवपद माझ्याकडे आलं, आणि त्याबरोबर ‘स्वच्छ’चा हिशोबही. या सेवेबद्दल लोक दोनच गोष्टी विचारतात. वेळेवर येतात का, आणि जिन्यात सांडलवंड होते का? आमच्याकडे येणारी ताई आठ ते सव्वाआठच्या दरम्यान ढकलगाडी फाटकाशी लावते, वरून खाली येत सगळे मजले करते, आणि ओल्या कचऱ्याचं पाणी जिन्यावर ठिबकलंच तर जाताना फडक्यानं पुसते. तेव्हा ती चिंता नको. मला लिहायचंय ते करोनाच्या, म्हणजे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांबद्दल.

पुण्यात नव्यानं आलेल्यांना आधी थोडं सांगते. ‘स्वच्छ’ म्हणजे कंत्राटदार नव्हे. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, २००८ साली महापालिकेबरोबर काम सुरू केलेली. तिच्या मुळाशी १९९३ ची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांचीच संघटना, जिच्या उभारणीत बाबा आढावांचा मोठा वाटा. सभासद बहुतेक बायका. आणि मुख्य म्हणजे यांना पगार नाही. घरटी दरमहा जे शुल्क आपण देतो ते, आणि सुका कचरा निवडून भंगाराच्या दुकानात घातल्यावर जे येतं ते, एवढीच कमाई. आमच्याकडे तेव्हा घरटी शुल्क शंभराच्या आत होतं. पगार नाही म्हणजे भरपगारी रजा नाही, हे इतकी वर्षं पैसे गोळा करूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला आपल्याच पुण्यात सापडले. २२ मार्चच्या रविवारी संध्याकाळी पाचला आमच्या सगळ्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, मीही वाजवली. बुधवारी गुढीपाडवा आणि देशभराच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. मी गुढीला गाठी बांधत होते आणि खालून ढकलगाडीची खडखड ऐकू आली. मला खरंच वाटलं नव्हतं ती येईल. तोंडाला साडीचा पदर, त्यावरून ओढणी, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. ते ओळखपत्र चौकातल्या नाकाबंदीवर दाखवून ती पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून चालत आली होती. मी गॅलरीतूनच विचारलं, “अगं, आज कशाला आलीस?” ती म्हणाली, “ताई, तुमी सगळी घरातच हाय म्हनल्यावर कचरा डबल निघनार. मी नाय आले तर तो उद्या वास मारंल.”

आणि कचरा खरोखरच दुप्पट झाला. चोवीस घरांतली सगळी माणसं दिवसभर घरात. भाज्यांचे देठ, कलिंगडाच्या साली, ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके. कचरा वाढला, पण तिची कमाई मात्र घटली. भंगाराची दुकानं बंद. निवडलेला पुठ्ठा आणि बाटल्या घालायच्या कुठं? पोती भरभरून तिनं ती घराबाहेरच्या बोळात रचली, जागा संपल्यावर घरात. दहा बाय दहाची खोली, पाच माणसं, आणि भिंतीला लावलेली आमच्या सोसायटीची सात पोती. हे मला तिनं सांगितलं नाही. मे महिन्यात मी तिला एकदा धान्याची पिशवी द्यायला फाटकाशी गेले तेव्हा तिच्या सुनेच्या तोंडून निघालं.

आता हात. संस्थेकडून तिला मास्क आणि हातमोजे मिळाले होते, ती वापरतही होती. तरी रोज कुठल्यातरी क्षणी उजव्या हाताचा मोजा निघायचा. का, ते मी एके दिवशी खाली उभं राहून पाहिलं. आपण प्लास्टिकच्या पिशवीत कचरा कोंबतो आणि वर गच्च निरगाठ मारतो. जाड रबरी मोज्यात ती गाठ सुटत नाही. ती दोन-तीनदा ओढून बघायची, मग मोजा दातांत धरून काढायची, उघड्या बोटांनी पिशवी फाडायची आणि आतला माल पत्र्यावर पसरायची. ओलं इकडं, सुकं तिकडं. चहाचा चोथा लागलेले मास्क, शेंबूड पुसलेले कागद, डायपर. त्याच बोटांनी मोजा परत चढवायची. एका गाठीपायी दिवसातून वीसेक वेळा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्या वर्षी सांगितलं होतं की घरात कुणी आजारी नसलं तरी वापरलेले मास्क आणि मोजे कागदी पिशवीत ७२ तास ठेवावेत आणि मग कापून सुक्या कचऱ्यात टाकावेत. मी तो कागद छापून फलकावर लावला. पाळणारी घरं पहिल्या महिन्यात दोन निघाली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हा ‘स्वच्छ’चा जुना आग्रह, तोही त्याच काळात ढिला पडला, कारण वर्तमानपत्र येणं थांबलं आणि घराघरांतली रद्दी संपत आली. क्षुल्लक वाटतं ना? पण त्या रद्दीच्या एका पानानं तिचा हात आणि आपला कचरा वेगळे राहात होते. शेवटी मी पोस्टातल्या जुन्या डायऱ्यांची पानं फाडून प्रत्येक घरात गठ्ठे दिले.

सप्टेंबरात आमच्या घरी आजार आला. यजमानांचा अहवाल पॉझिटिव्ह आला, आम्ही दोघंही घरात बंद. आमचा कचरा पिवळ्या पिशवीत, वेगळ्या गाडीनं जायचा. त्यामुळे तिला आमच्या दाराशी यायचं कारण नव्हतं. तरी रोज खालून हाक यायची, “ताई, सायेब कसे हायेत?” दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्या सतरा दिवसांत आमच्या गॅलरीकडे मान वर करून पाहिलं नाही. हे मी रागानं लिहीत नाही, सगळेच घाबरलेले होते. पण ती घाबरलेली नव्हती असं थोडंच आहे?

आम्ही बरे झाल्यावर आठवड्याभरानं तिनं मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, “ताई, तिसऱ्या मजल्यावर कुनीतरी आजारी हाय.” मी विचारलं, तुला कसं कळलं? “गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. पलीकडच्या बंगल्यांतनं निघायच्या तसल्याच, हा एवढा मोठा पत्ता. आनि नुसते टिशू.” त्या घरानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बहिष्कार पडेल, दूधवाला येणार नाही, अशी भीती असेल. मी समजू शकते. पण त्यांची पिवळी पिशवी नव्हती, त्यांची पिशवी नेहमीसारखीच गाठ मारलेली होती, आणि ती तिनं बोटांनी फाडली होती. आमच्या इमारतीत कोण आजारी आहे हे सगळ्यांत आधी तिला कळत होतं, आणि कळायचं ते हात घातल्यानंतर. मी त्या घरी फोन केला. त्यांनी आधी नाकारलं. मग त्यांच्या मुलानं दुसऱ्या दिवसापासून पिवळी पिशवी सुरू केली. तिनं मात्र मला बजावलं होतं, “माजं नाव सांगू नका, उगं घर तुटंल.” घर तुटणं म्हणजे त्या घराचा कचरा आणि शुल्क हातचं जाणं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, ती स्वतः पडली. ताप, मग धाप. वस्तीतल्या सार्वजनिक नळावर आणि शौचालयात सगळेच जातात, त्यामुळे तिला कुठून लागलं हे कुणीच सांगू शकणार नाही. आमच्याकडून नसेलच, असं मला म्हणवत नाही. तेवीस दिवस तिची सून आली, पाठीला ओढणीनं बांधलेलं बाळ घेऊन. एकही दिवस चुकला नाही.

आणि तरीही त्या महिन्याच्या ऑनलाइन सभेत एका सभासदानं विचारलं की ‘ठरलेली बाई’ आली नाही तर पूर्ण पैसे कशाला द्यायचे. दुसऱ्यानं मान डोलावली. मी मतदान घेतलं. पंधरा विरुद्ध सहा, तिघं गैरहजर. पैसे पूर्ण गेले, वर पाच हजारांची मदत गेली. पण सहा हात वर झाले होते, हे मी विसरलेले नाही. त्यांच्यापैकी चौघांनी आदल्या वर्षी थाळी वाजवलेली मी पाहिली होती.

त्याच काळात संस्थेचा महापालिकेशी असलेला करार २०२० च्या अखेरीस संपला होता आणि मुदतवाढीवर काम चालू होतं. म्हणजे इतकं करूनही पुढच्या महिन्यात हे काम आपलं राहील का, हे तिला ठाऊक नव्हतं. ती ते क्वचितच बोलायची. एकदाच म्हणाली, “मानसं म्हनत्यात तुमी योद्धे. योद्ध्याला कामावरनं काडत्यात का वो?” मला उत्तर सुचलं नाही.

आता सेवा घेणाऱ्यांसाठी कामाचं. जुने कपडे, बंद पडलेले मिक्सर, वायरी वगैरे रोजच्या बादलीत टाकू नका. त्यासाठी संस्थेची वेगळी सोय आहे, आम्ही दोनदा वापरली आणि चांगली वाटली. झाडांच्या फांद्यांचं मात्र आधी बोलून ठरवावं लागतं. उत्तरं फोनवर नीट मिळतात. सेवेला माझ्याकडून पाचपैकी पाच.

आमच्या सोसायटीत आम्ही चार बदल केले. ओल्या कचऱ्याला पिशवीच नाही, थेट बादली. सुक्याच्या पिशवीला गाठ नाही, नुसती दुमडायची. फाटकाशी नळ आणि साबणाची वडी. हा नळ बसवायलासुद्धा दोन सभा लागल्या, कारण वाहनं धुण्याचा नळ तिनं वापरलेला काहींना चालत नव्हता. आणि जिन्याखाली एक बाकडं, तिथं ती निवडानिवड झाल्यावर दहा मिनिटं बसते आणि डबा खाते. आजारपणानंतर तिला तिसऱ्या मजल्यावर जाताना दम लागतो, म्हणून वरची आठ घरं आता आपापल्या बादल्या खाली आणून ठेवतात. गोळ्यांच्या पट्ट्या लपवणाऱ्या घरातला मुलगा शेजारच्या आजींचीही बादली आणतो.

शुल्क पाच तारखेच्या आत द्या, तिला मागायला लावू नका. आमच्याकडे मी सगळ्यांचं गोळा करून तिच्या हातात देते. ती दोनदा मोजते, माझ्या वहीत सही करते, आणि मग हात धुऊन डबा उघडते.