सालीला सोनाराचा काटा

आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर लाजेनं शेवटपर्यंत लिहिला जाणार नाही. ४८,००० रुपये. अर्जुनाच्या सालीच्या भुकटीसाठी. ३४ वर्षं बँकेत कॅशियर होतो, खोटी नोट बोटाला कळायची. तो मी.

हिची अँजिओग्राफी झाली, एका रक्तवाहिनीत ७० टक्के ब्लॉकेज निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, स्टेंटचं पुढच्या आठवड्यात ठरवू. रिपोर्टची पिशवी घेऊन हॉस्पिटलच्या गेटबाहेर नारळपाण्याच्या गाडीशी उभा होतो. शेजारी चाळिशीचा एक माणूस, त्याच्याही हातात तशीच पिशवी. "काका, बायपास सांगितलंय का?" त्याच्या वडिलांनाही सांगितलं होतं म्हणे, तीन वर्षं अर्जुनाच्या अर्कावर ठणठणीत आहेत. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. योगायोगानं तोही तो अर्क देणाऱ्या दुकानाकडेच निघाला होता. रिक्षाचे ४० रुपयेसुद्धा त्यानंच दिले, मला पाकीट काढू दिलं नाही.

मला मूर्ख म्हणण्याआधी एक ऐका. अर्जुन काही थोतांड नाही. आमच्या गावी ओढ्याकाठी अर्जुनसादडे होते, पांढुरकी गुळगुळीत साल, आतून गुलाबीसर. आई ती दुधात उकळून आजोबांना द्यायची. अर्जुनारिष्ट कुठल्याही आयुर्वेदिक दुकानात मिळतं. त्या माणसानं भलतंच काही नाव घेतलं असतं तर मी जागचा हललो नसतो. ओळखीचं नाव घेतलं, तिथंच मी सापडलो.

दुकानात धन्वंतरीचा फोटो, हार, उदबत्ती, काचेच्या बरण्या. कुठल्याच बरणीवर लेबल नव्हतं. पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'अर्जुन घन ३५०, भस्म ९००.' मला वाटलं, पाकिटाचा भाव असेल. मग त्यांनी काउंटरखालून काटा काढला. छोटा, काचेच्या झाकणाचा, सोनाराकडे असतो तसा. त्याचा लाल आकडा डोळ्यासमोर १२०.०० वर थांबला. झाडाच्या सालीला सोनाराचा काटा कशाला? हा प्रश्न मला पडला होता, शपथेवर सांगतो. जिभेच्या टोकाशी येऊन परत गेला, कारण शेजारचा 'काका, काका' करत होता आणि ही घरी एकटी होती. रोज रात्री तो लाल आकडा दिसतो. त्याच क्षणी 'भाव कशाचा?' एवढं विचारलं असतं तरी वाचलो असतो. तुम्ही विचारा, आणि मोजायला घेण्याआधी विचारा.

दोन्ही भुकट्या मिक्सरमध्ये एकत्र फिरवल्यावर कॅल्क्युलेटर निघाला. भाव ग्रॅमचा! १२० गुणिले ३५० म्हणजे ४२,०००. भस्म १५ ग्रॅम, १३,५००. एकूण ५५,५००. नको म्हणालो तर, "आता मिसळलं, तुमच्या पेशंटच्या नावानं बनवलं, दुसऱ्या कुणाला देऊ?" दारात दोन पोरं येऊन उभी राहिली. घासाघीस करून ४८,००० वर आलो आणि वर मलाच वाटलं की साडेसात हजार वाचवले! ६,५०० रोख, ४१,५०० कार्डानं. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर 'आयुर्वेदिक साहित्य' लिहून दिलं.

त्यापेक्षा घातक पुढचं. "इंग्रजी गोळ्या बंद ठेवा, नाहीतर अर्क लागू पडत नाही," असं बजावलं होतं. मी चार दिवस हिच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद ठेवल्या. पाचव्या दिवशी मुलीनं गोळ्यांचं पाकीट मोजलं आणि सगळं बाहेर आलं. डॉक्टर माझ्याशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि योग्यच बोलले. स्वतःहून काहीही सुरू केलंत तरी त्यांना सांगा, आणि चालू गोळी बंद करायला सांगणाऱ्याच्या दारात उभेसुद्धा राहू नका. ओळखीच्या वैद्यांनी भुकटी जिभेवर ठेवली आणि म्हणाले, अर्जुन तुरट लागतो, हे तुरट लागतच नाही. मंडईजवळ काष्ठौषधीच्या दुकानात अर्जुन साल चूर्ण विचारलं. १०० ग्रॅम, ७० रुपये.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची ती मंडळी. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, "काका, कार्ड तुम्ही दिलं, पिन तुम्ही दाबला, माल घरी नेला. यात फसवणूक कुठाय?" सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन केला तर, समोरासमोर दुकानात पैसे दिले, हे सायबरमध्ये बसत नाही. बँकेत गेलो, पिन वापरलाय म्हणून पैसे परत नाहीत. आयुष्यभर मीच लोकांना हे वाक्य ऐकवत होतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी मेसेज आला, विक्रेता सापडत नसल्यानं तक्रार बंद. सापडत नाही म्हणून तर तक्रार केली होती ना!

औषध प्रशासनाच्या कार्यालयात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा विचारलं, लेबल कुठाय? सुट्या भुकटीला कुठलं लेबल? तिसऱ्यांदा मी १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा छापूनच नेला. हृदयविकार बरा करतो अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे. तर म्हणे, त्यांनी जाहिरात कुठं केली, तोंडीच सांगितलं ना. मी बोट ठेवून दाखवलं, जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी सांगणंही येतं. त्यांनी चष्मा काढला, कागद फाइलला लावला आणि म्हणाले, बघतो. चौथ्या खेपेला कळलं की माणूस जाऊन आला, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझ्या घरातली भुकटी तपासाल का विचारलं, तर सँपल दुकानातून उचलावं लागतं. कुठल्या दुकानातून?

काही घ्यायचंच असेल तर सीलबंद पाकीट घ्या, त्यावर परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख वाचा, आणि छापील बिल हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका. हॉस्पिटलच्या गेटबाहेर भेटलेल्या माणसाच्या रिक्षात बसू नका.

हिची अँजिओप्लास्टी झाली, बरी आहे. माझ्या अर्जावर 'चौकशी सुरू' असा शेरा आहे. चौकीतल्यांनी भुकटीचा डबा पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितलं होतं, तो फडताळात वरच्या फळीवर आहे. परवा काढून पाहिला तर झाकणापाशी मुंग्यांची रांग. तुरट सालीला मुंग्या.