सोळा लिटरचा बॅटरी पंप, वीस गुंठे लॉन आणि ड्रोनवाला फोटो

बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडून पाळधीकडे निघालं की रस्त्यालगत एक लग्नाचं लॉन्स लागतं. तिथला मी मॅनेजर. मागच्या वर्षी फेब्रुवारीत एक मोठं लग्न झालं आणि आठवड्याने नवरीच्या मामांनी ड्रोनने काढलेले फोटो हौसेने पाठवले. स्टेज झकास, रोषणाई झकास, आणि खाली आमची वीस गुंठे हिरवळ. एक पट्टा गर्द हिरवा, त्याला लागून एक पिवळट, पुन्हा हिरवा. शेठनी मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "हाई लॉन शे का सतरंजी?"

सतरंजी आम्हीच विणली होती. आमची जमीन काळी, चुनखडीची, आणि बोअरचं पाणी जड. जमिनीत लोह असलं तरी गवताला उचलता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात. म्हणून लग्नाच्या बारा दिवस आधी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारून घेतलं होतं. औषध बरोबर, प्रमाण बरोबर. चुकला तो हात. गडी कपाशीत फवारतो तसा चालत गेला, नळी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलवत. झोक्याच्या दोन्ही टोकांना हात क्षणभर थांबून वळतो, तिथे दुप्पट औषध पडतं, आणि मधल्या भागावरून तो भरकन निघून जातो. कपाशीत हे कुणाला दिसत नाही. सपाट हिरवळीवर मात्र दहा दिवसांत सगळा हिशेब उघडा पडतो.

फवारणीचा पंपही घरचाच होता, शेतावरचा. त्याची वेगळी कथा. लॉनमध्ये घोळ आणि केना फार झाला म्हणून त्याआधीच्या पावसाळ्यात मी त्याच पंपातून टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं. तीनदा धुऊन घरी पाठवला. धाकट्या भावाने दोन दिवसांनी तोच पंप कपाशीवर नेला आणि पंधरवड्यात बारा ओळींची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरून बारीक झाली. टू-फोर-डीचा पंप कपाशीला लावू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत, आणि मी शेतकऱ्याचा पोरगा. भाऊ चार दिवस बोलला नाही. तेव्हा वेगळा पंप घेणं भागच होतं.

जळगावात शेती औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "भाऊ, कपाशीला का केळीला?" म्हटलं, हिरवळीला. तो हसला, पण पंप बरा दिला. सोळा लिटरची टाकी, बारा व्होल्ट आठ अँपिअरची बॅटरी, मोटरचा वेग कमी-जास्त करायला बटण, सोबत चार नोझल. २,९०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि या किमतीतले बहुतेक पंप एकाच घाटाचे असतात.

चारपैकी तीन नोझल लॉनला निरुपयोगी. पितळी फिरवायचं, दोन भोकांचं, चार भोकांचं, तिन्ही गोल धुकं फेकतात. कामाचं एकच, चपट्या फवाऱ्याचं, तणनाशकाला वापरतात ते. पाकिटातलं फारच बारीक होतं, म्हणून वेगळं निळं विकत घेतलं. या नोझलांचा रंग शोभेचा नसतो. पिवळ्यातून तीन बार दाबाला मिनिटाला ०.८ लिटर, निळ्यातून १.२, लालातून १.६ लिटर पाणी जातं.

हे आधी माहीत असतं तर एक सकाळ वाचली असती. पाकिटातलं बारीक नोझल लावून मोटर पूर्ण वेगाने सोडली, तर पंप टक-टक-टक करायला लागला. मोटर ढकलते जास्त, नोझल सोडतं कमी. दाब चढला की स्विच मोटर बंद करतो, उतरला की चालू. फवारा बघितला तर तो श्वास घेतल्यासारखा फुगत आणि आक्रसत होता. म्हणजे झुलवणं बंद केलं असतं तरी पट्टे पडलेच असते, आता आडवे. निळं नोझल लावून बटण निम्म्यावर आणलं तेव्हा टकटक थांबली आणि सलग घरघर सुरू झाली. मी आता आवाजावरच काम करतो.

मग साध्या पाण्यावर मोजमाप. नोझलखाली मग धरला, एक मिनिट घड्याळ लावलं, बरोब्बर एक लिटर निघालं. पेव्हर ब्लॉकवर गुडघ्याच्या उंचीने नळी स्थिर धरून चाललो. एप्रिलमधली सकाळ, आठ वाजताच फरशी तापायला लागलेली. ओला पट्टा कडांनी आधी सुकत आला, मधला भाग शेवटी. म्हणजे कडेला औषध विरळ पडतं आणि पुढच्या पट्ट्याने ती कड झाकली पाहिजे. ते धरून एका फेरीची रुंदी मीटरभर ठरवली. दहा मीटर दहा सेकंदांत, म्हणजे वरातीत चालतो त्याहून थोडं जलद. एक गुंठा म्हणजे साधारण दहा बाय दहा मीटर, दहा फेऱ्या, शंभर सेकंद, पावणेदोन लिटरच्या आत पाणी.

औषध निम्मं-निम्मं करून दोनदा मारतो. एकदा रस्त्याकडून स्टेजकडे, एकदा भोजनाच्या बाजूने आडवं. एका दिशेला चुकलेली जागा दुसऱ्या दिशेत बरीच भरून निघते. वीस गुंठ्यांना चार टाक्या आणि वर थोडं. हिराकस टाकीला ८० ग्रॅम. बोअरच्या जड पाण्यात तो तासाभरात तांबूस गाळ धरतो, म्हणून आधी पाण्यात थोडं सायट्रिक अॅसिड. पट्ट्यांसाठी सुतळी ताणतो आणि दोन्ही टोकांना फक्कीचे ठिपके. गडी सुरुवातीला हसत होता, "साहेब, क्रिकेटचं पीच बनवून राहिले का?" आता तोच सुतळी आणून देतो. सकाळी साडेसातच्या आत काम संपवायचं, मे महिन्यात पंपाला हातच लावायचा नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात गवत आधीच जिवावर उदार असतं, त्यावर युरियाचं पाणी पडलं की शेंडे करपलेच.

आता तक्रारी. मुख्य स्विच टाकीच्या खाली, झाकण जरा गळलं की पाणी पाठीवरून ओघळत थेट तिथे. चार महिन्यांत चार्जिंगच्या पिनेवर हिरवा गंज चढला. झाकणाचं रबर मी सायकलच्या ट्यूबचं कापून बसवलं, तेव्हापासून पाठ कोरडी आहे. पाठीवर अडकवायचे पट्टे बारीक आणि कडक, भरलेली टाकी सोळा किलोच्या वर जाते, खांद्याला कापतात. जुन्या गोधडीचा तुकडा शिवून घेतला. दाब दाखवणारा काटा नाही, या किमतीत मिळणारही नाही. बॅटरी सुरुवातीला पंधरा टाक्या आरामात ओढायची, आता नऊ-दहाला मोटर मंदावते. यात दोष माझाही आहे, पावसाळ्यात दोन महिने ती उतरलेलीच ठेवली होती. आम्हाला चार-पाच टाक्याच लागतात म्हणून चालून जातं. दहा एकर कपाशीवाल्याने मोठी बॅटरीच घ्यावी.

एक डाग मात्र पंपाच्या खात्यात घालता येत नाही. वळताना ट्रिगर सोडायला विसरलो आणि हिराकसाचं पाणी स्टेजच्या पांढऱ्या पायऱ्यांवर उडालं. दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचे ठिपके. अॅसिडने घासले, रंग दिला, तरी दुसऱ्या पायरीवर एक अजून दिसतो, त्यावर डेकोरेशनवाल्याला फुलांची कुंडी ठेवायला सांगतो.

पाचपैकी साडेतीन तारे. नळी, निळं नोझल आणि मोटर चांगली, झाकण आणि पट्टे टाकाऊ. यंदाच्या लग्नसराईत पुन्हा ड्रोन उडला. फोटो शेठकडे आधी गेला, माझ्याकडे नंतर, आणि शेठ काही बोलले नाहीत. टू-फोर-डी मी सोडूनच दिलं, कंपाउंडपलीकडे दुसऱ्याची कपाशी आहे. घोळ आणि केना दोन बाया खुरप्याने काढतात. भावाने परवा फोन केला, त्यांचा पंप बिघडलाय, तुझा दोन दिवस दे. दिला नाही. त्यात टू-फोर-डीचा थेंबही गेलेला नाही, हे सांगूनही त्याचा विश्वास बसला नसता, आणि माझा स्वतःचाही पुरता बसत नाही. दुकानातून नवीन वॉशर आणून त्याचाच पंप दुरुस्त करून दिला, ४० रुपयांत.