बायपासनंतर घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर, जुळे सोलापूर – आमचा अनुभव

सासूबाईंची बायपास एप्रिलमध्ये झाली, वय 64, शुगर वीस वर्षांपासूनची. ऑपरेशन चांगलं झालं, आठव्या दिवशी घरी आलो आणि खरी काळजी तिथून पुढं सुरू झाली, कारण सोलापूरचा उन्हाळा माहितीच आहे सगळ्यांना, पारा 42-43 ला, कूलरसमोर बसलं तरी अंगाला घाम, आणि त्यात छातीवर गळ्याखालून पोटाच्या वरपर्यंत टाके.

आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणचा मुलगा लावला होता, नाव घेत नाही. तो यायचा, फोन खिशात ठेवायचा आणि त्याच हातानं ग्लोव्हज घालायचा. पण चूक आमचीही होती. सासूबाई त्याच्यासमोर पदर पूर्ण काढायच्याच नाहीत. वरचे टाके दाखवायच्या, खालचं टोक झाकलेलं, तो पण वरवर पुसून पट्टी लावून जायचा. जड अंगाच्या बायकांना छातीखाली घाम साठतो, टाके ओढले जातात, जखम चिघळायला सुरुवात बरेचदा तिथूनच होते, आणि नेमका तोच भाग आठ दिवस कुणी नीट बघितला नाही.

मग शेजारच्या काकूंनी या सिस्टरांचं सांगितलं. पहिल्याच दिवशी आल्या, दार लावून घेतलं, म्हणाल्या, "मावशी, मला सगळं बघू द्या, मी पण बाईच आहे." आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, बॅरलमधलं पाणी तांब्यानं घेऊन मी द्यायला लागले तर म्हणाल्या असं हातावर ओता, धरून राहा, आणि कोपरापर्यंत साबण लावून धुतलं, वरून सॅनिटायझर. जुनी पट्टी काढली की ते ग्लोव्हज टाकून नवीन घालायच्या. सलाईनचा गॉज एकदाच फिरवायचा, वरून खाली, परत तोच वापरायचा नाही. हे मी रोज बघितलंय म्हणून लिहितेय.

तिसऱ्या व्हिजिटला खालच्या टोकाच्या गॉजवर रुपयाएवढा पिवळट ओला डाग होता. ताप नव्हता, दुखत पण फार नव्हतं, पण दोन दिवसांपासून उपाशीपोटी शुगर 240 च्या पुढं जात होती आणि मी आंब्याला दोष देत होते. सिस्टर म्हणाल्या इन्फेक्शन आत शिरलं की शुगर आपोआप चढते. मग तळहात छातीवर ठेवून हळू खोकायला लावलं, ऑपरेशनमध्ये कापून तारेनं बांधलेलं छातीचं हाड हलतंय का, कट् असा आवाज येतोय का बघायला. हाड पक्कं होतं. स्वतःच्या मनानं एक गोळी दिली नाही, फोटो काढून सर्जनला पाठवला आणि आम्हाला म्हणाल्या उद्यावर ढकलू नका, आत्ता निघा.

इन्फेक्शन कातडीखालीच होतं. कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतला जंतू कोणता ते बघायच्या लॅब तपासणीत, स्टॅफ निघाला, हा जंतू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात, कातडीवर असतोच म्हणे. खालचे थोडे टाके उघडून साफ केलं, कल्चर बघून अँटिबायोटिक बदललं, इन्सुलिन वाढवलं. सर्जन म्हणाले, तारा बांधलेल्या हाडापर्यंत गेलं असतं तर छाती परत उघडून धुवावी लागली असती, मग कित्येक आठवडे सलाईनमधून औषध. हे ऐकून मी तिथंच खाली बसले. नंतर सिस्टर रविवार सोडून रोज आल्या, पाच आठवड्यात जखम तळापासून भरत आली.

अजून दोन गोष्टी त्यांच्यामुळं कळल्या. पुढून हुक असलेली सुती, आधार देणारी ब्रा दिवसरात्र घालायला लावली, म्हणजे टाक्यांवर ओढ येत नाही. आणि खोकताना छातीशी धरायची उशी सतत घसरायची, तर आपलीच सोलापुरी चादर चौपदरी घडी करून दिली, सासूबाई ती दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून खोकायच्या. चादर धुवून उन्हात वाळवायचं काम माझं. चुलत सासूबाई हळद लावा म्हणत होत्या, सिस्टरांनी हात जोडून नाही म्हणलं, जखमेवर हळद नको, पावडर नको, काहीच नको.

कमी काय ते पण सांगते. रविवारी येत नाहीत, आम्हाला एक रविवार दवाखान्यात जावं लागलं. वेळ दहाची सांगितली की कधी साडेअकरा होतात. व्हिजिटचे 400 रुपये, गॉज-पट्टीचे वेगळे, हे आधी स्पष्ट विचारून घ्या. आणि त्या एकट्याच आहेत, त्यामुळं डिस्चार्जच्या आधीच बोलून ठेवलं तर दिवस मिळतो.

नंबर इथं टाकत नाही, सिस्टरनी नको म्हणलंय, ज्यांच्या घरात खरंच पेशंट आहे त्यांनी मेसेज करा, मी विचारून देते. सासूबाई काल पहिल्यांदा ओट्यापाशी उभ्या राहिल्या, भाकरी थापू देत नाही अजून, तीन महिने हातांवर जोर नको सांगितलंय, पण शेंगाचटणीत मीठ कमी पडलंय हे त्यांनीच चाखून सांगितलं.