बिल कॅसेटचं, चाकावर फ्रीव्हील : ३,४०० रुपयांना फसवलं

सायकलचं मागचं चाक दुरुस्तीला टाकणार असाल तर आधी हे वाचा. इथे सोलापुरात एका सायकल दुकानदाराने माझ्याकडून ३,४०० रुपये घेतले. कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा नुसता गठ्ठा) १,६५०, फ्रीहब बॉडी (कॅसेट जिच्यावर बसते तो हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, भाग) १,४००, मजुरी ३५०. बिल जपून ठेवलंय. चाकावर बसवलंय सात गिअरचं साधं फ्रीव्हील (चकत्या आणि आतली यंत्रणा एकाच तुकड्यात, हबच्या आट्यांवर फिरवून बसवतात), जे सात रस्त्याजवळच्या दुसऱ्या मिस्त्रीने ५८० ला सांगितलं.

सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, याचाच जास्त संताप येतो. दुकानदाराने मधल्या खाचांत पुलर (काढायचं हत्यार) बसवला, लांब पाना लावून उलटा जोर दिला आणि जुन्या चकत्यांचा अख्खा गठ्ठा एकत्र फिरत बाहेर आला. हबवर उघडे आटे दिसत होते. कॅसेट असती तर चकत्या धरून ठेवायला चेन-व्हिप (साखळी लावलेला दांडा) लागला असता, आधी लॉकरिंग (चकत्या आवळणारी कडी) सुटलं असतं आणि फ्रीहब हबलाच राहिला असता. आटे दिसले तिथेच त्याचं खोटं उघडं पडलं होतं. पण एमआयडीसीत पाळी करणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? पेडल खरंच रिकामं फिरत होतं आणि हा छातीठोकपणे म्हणत होता, "मालक, आतली बॉडीच गेलीय."

तुमच्या चाकाला यातलं काय आहे ते घरीच बघून घ्या, पाना लागत नाही. चाक काढा, चकत्या उलट्या फिरवा. मधल्या खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट.

परत गेलो तर दुकानदार ओळखच दाखवेना. चौकीत गेलो. "वस्तू मिळाली, बिल मिळालं, मग तक्रार कसली? हे दिवाणी आहे." तक्रारीच्या फोनवर त्यांनी तक्रार नंबर दिला, पुढे कुणी विचारलं नाही. एका कार्यालयात साहेबांना मोबाइलवर दोन्हींचे फोटो दाखवायला गेलो, तर न बघताच म्हणाले, "दोन्हीला दातेच आहेत की." १,४०० रुपयांची फ्रीहब बॉडी या चाकावर बसूच शकत नाही, एवढं ऐकून घ्यायला कुणाला दोन मिनिटं नाहीत! मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही माझं मीच शोधलं. आता तिथेच अर्ज करतोय.

बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. जुना माल दुकानात सोडू नका. माझा भंगारात गेला म्हणे, आणि जो तो मलाच विचारतो, जुना भाग कुठाय?