एड्रियाटिकची सात रात्रींची क्रूझ : जहाजाला पैकीच्या पैकी, बंदरातल्या वेळेला नाही

मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजून नोंदणारा कारकून, म्हणून चौतीस वर्षं काढली. रोज जहाजं पाहिली, पण प्रवासी म्हणून एकाही जहाजावर पाय ठेवला नव्हता. निवृत्तीनंतर गेल्या सप्टेंबरात सौ.ला घेऊन एड्रियाटिक समुद्रातली ही क्रूझ केली. इटलीतल्या त्रिएस्तेहून निघायचं, क्रोएशियातलं स्प्लिट, माँटेनेग्रोतलं कोटोर, ग्रीसमधलं कॉर्फू आणि पुन्हा क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक करून परत त्रिएस्ते.

जहाजाबद्दल तक्रार नाही. केबिन स्वच्छ, नाश्ता भरपूर, मासे ताजे. चहा मात्र आपला नाही, पावडर घरून न्या. आमचा केबिन स्टुअर्ड मडगावचा होता. हिच्याशी कोकणीत बोलायचा आणि रात्री न सांगता गरम पाण्याचा थर्मास ठेवून जायचा.

पैसे वसूल झाले ते कोटोरच्या सकाळी. उजाडायच्या आत डेकवर जाऊन उभे राहिलो. पायलटची, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या माणसाची, बोट बाजूला लागली, पायलट दोरशिडीने वर आला आणि जहाज खाडीत शिरलं. दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर, पायथ्याशी घरांचे दिवे. वेरिगे नावाची एक चिंचोळी जागा येते, तिथे दोन किनाऱ्यांत जेमतेम साडेतीनशे मीटर अंतर. एवढं अजस्र धूड तिथून इतक्या हळू सरकत होतं की काठावरच्या कोंबड्याचं आरवणं डेकवर ऐकू आलं. पलीकडे पेरास्त गाव आणि समोर दोन लहान बेटं. त्यातलं चर्चचं बेट माणसांनी बनवलेलं आहे. इथल्या खलाशांनी जुन्या होड्यांत दगड भरून त्या बुडवल्या, वर भर घालत गेले. आजही दर २२ जुलैला गावकरी होड्या घेऊन जातात आणि तिथे दगड टाकतात. कोटोरला विमानाने किंवा बसने जाणाऱ्याला हे प्रवेशद्वार मिळत नाही. क्रूझ करायची ती यासाठी.

जहाज नांगरून लहान बोटींनी धक्क्यावर नेलं. डोंगरावरच्या किल्ल्यापर्यंत सुमारे १,३५० पायऱ्या आहेत. आम्ही मधल्या चॅपेलपर्यंत गेलो. सकाळी आठच्या आत चढा, नंतर ऊन भाजून काढतं.

स्प्लिट छान आहे, धक्क्यावरून चालत जाता येतं. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यात आजही लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. कॉर्फूला पावसाने फार फिरू दिलं नाही.

आता दुब्रोव्हनिक. पत्रकात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा लिहिलं होतं. जहाज पोचलं अकराला, आणि साडेचारपर्यंत परत या म्हणाले. उशिराचं कारण कुणी धड सांगितलं नाही. मोठी जहाजं ग्रूझच्या बंदरात लागतात, जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटर. कंपनीच्या बसचे पैसे वेगळे, वर रांग. हातात राहिले तीन तास. जुन्या शहराच्या तटबंदीवरची फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची आहे, ती सोडावी लागली.

ती सोडून मी स्पोंझा राजवाड्यात गेलो. सोळाव्या शतकातली ही इमारत म्हणजे इथलं जुनं जकातघर. १६६७च्या भूकंपात शहर कोसळलं, ही टिकली. आतल्या चौकात एका कमानीवर लॅटिन ओळ कोरली आहे. तिचा अर्थ असा : आमची वजनं फसवू देत नाहीत, फसू देत नाहीत, मी माल मोजतो तेव्हा देव मला मोजतो. मी आयुष्यभर पेट्या आणि गोणी मोजल्या. एक गोणी कमी लिही म्हणणारे किती आले, त्यांची तोंडं अजून आठवतात. त्या कमानीखाली माझे डोळे भरून आले. हिने काही विचारलं नाही, नुसती शेजारी उभी राहिली.

जुन्या शहराच्या प्लोचे नावाच्या दरवाज्याबाहेर लाझारेती, म्हणजे बाहेरून येणारी माणसं आणि माल वेगळा ठेवायची सतराव्या शतकातली बांधकामं. साथीच्या भागातून येणाऱ्याने आधी तीस दिवस बाहेर राहायचं, हा कायदा या शहराने १३७७ सालीच केला होता. गोदीत आम्ही क्वारंटाइनचा पिवळा बावटा पाहत आलो, त्याचं मूळ बघायची फार इच्छा होती. दरवाज्यापर्यंत गेलो, घड्याळ पाहिलं आणि बससाठी मागे फिरलो.

जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, मल्टिपल एन्ट्रीचाच घ्या, कारण कोटोर माँटेनेग्रोत, म्हणजे शेंगेनबाहेर आहे आणि तिथून तुम्ही कॉर्फूला, म्हणजे परत शेंगेनमध्ये शिरता. दुसरं, पैसे भरण्याआधी प्रत्येक बंदरात किती तास आणि जहाज कुठल्या धक्क्याला लागणार, हे लेखी मागा. पोहण्याचे तलाव किती, हे नंतर विचारा.

दुब्रोव्हनिकला मी पुन्हा जाणार आहे. या खेपेला स्प्लिटहून कॅटमरान बोटीने, आणि तटबंदीच्या आत दोन रात्री मुक्काम. पहिल्या सकाळी लाझारेती.