काळे पुढचे पंख, सोनेरी मागचे पंख: तुमच्या फोटोतलं बर्डविंग कुठलं?

भारतात मोठं पिवळं-काळं फुलपाखरू दिसलं की बहुतेक प्रश्न तीन जातींपाशी येऊन थांबतो: सदर्न बर्डविंग, कॉमन बर्डविंग आणि गोल्डन बर्डविंग. निवाडा करताना मी आधी फोटो कुठे काढला ते विचारतो, पंख नंतर बघतो.

फोटो आंबोलीचा, गोव्याचा किंवा पश्चिम घाटातला पुढचा कुठलाही असेल, तर ते सदर्नच. ही जात भारतीय द्वीपकल्पाबाहेर सापडत नाही. कर्नाटकाने तिला राज्य फुलपाखरू केलंय. उत्तराखंडातला असेल तर गोल्डन.

खरी पंचाईत ईशान्येत होते, कारण तिथे कॉमन आणि गोल्डन दोन्ही उडतात. नर असेल तर मागच्या पंखाच्या कडेची काळी त्रिकोणी नक्षी झूम करून पाहा. त्या त्रिकोणांच्या आतल्या बाजूला, पिवळ्यावर काळसर भुकटी भुरभुरल्यासारखी दिसली तर गोल्डन. पिवळा स्वच्छ असेल तर कॉमन. म्हणूनच पुढच्या पंखांनी झाकलेल्या मागच्या पंखांचा फोटो ओळखीसाठी फारसा उपयोगी नसतो. फुलावर पंख उघडेपर्यंत थांबाच.

हा नियम माद्यांना लावू नका. मादीच्या पिवळ्या भागात काळ्या ठिपक्यांची आणखी एक रांग असते, त्यामुळे ती सहसा नरापेक्षा गडद दिसते. ईशान्येतल्या मादीचं नाव एका फोटोवरून ठामपणे सांगणं मला पटत नाही.

आकारावर तर मुळीच जाऊ नका. भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू म्हणून 1932 पासून 190 मिलिमीटरच्या सदर्नचं नाव घेतलं जायचं. 2020 मध्ये उत्तराखंडातल्या डीडीहाटची 194 मिलिमीटर पंखविस्ताराची गोल्डन मादी पुढे आली. फरक फक्त चार मिलिमीटरचा, आणि उंच झाडांवरून तरंगत जाणाऱ्या फुलपाखराच्या बाबतीत तो डोळ्यांना कळणारच नाही.

सह्याद्रीत असाल तर फुलपाखरामागे धावण्यापेक्षा ईश्वरीचा, म्हणजे सापसंदाचा वेल शोधा. सदर्नची मादी त्यावर अंडी घालते आणि पानांतलं विष सुरवंटाच्या अंगात साठतं. सुरवंट तांबूस-तपकिरी असतो, अंगावर मांसल काटे आणि मध्ये फिकट तिरका पट्टा. मात्र कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझचे सुरवंटही याच वेलावर वाढतात, तेव्हा नुसत्या वेलावरून नाव ठरवू नका.