लूप हॅबिट ट्रॅकर: पाडव्यापासून मृगापर्यंतचा वापर

लूप हॅबिट ट्रॅकर हे सवयींची रोजची नोंद ठेवणारं अँड्रॉइडवरचं ॲप मी दिवाळीच्या पाडव्याला फोनमध्ये घेतलं. आता मृग लागला, तरी ते रोज उघडलं जातंय. मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, इंटरनेटशिवाय चालतं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या गुण मोजण्याच्या पद्धतीबद्दल. संकल्प टिकतात की बारगळतात, यात या पद्धतीचा वाटा फार मोठा आहे, असं माझं ठाम मत झालंय.

अशा बऱ्याच ॲपमध्ये सलग दिवस मोजतात. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. लूप सलग दिवसही दाखवतं, पण त्याचा मुख्य आकडा टक्क्यांत असतो. काम केल्याची खूण केली की टक्के चढतात, चुकलं की थोडे उतरतात. रोजची सवय महिनाभर न चुकता पाळली तर ८० टक्के, दोन महिन्यांनी ९६, तीन महिन्यांनी ९९. तिथून एक दिवस चुकला तर आकडा ९४ च्या आसपास येतो. सलग १३ दिवस चुकवले तर मात्र निम्म्यावर. म्हणजे चुकण्याची किंमत आहे, पण एका चुकीत सगळं बुडत नाही. आमच्याकडे यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटतो, तेव्हा कामगार गाठ मारतो आणि माग पुढे चालू करतो. विणलेलं कापड कोणी फेकत नाही. हा हिशेब तसाच आहे.

याला संशोधनाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास करून २०१० मध्ये तो छापला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. "२१ दिवसांत सवय लागते" असं व्याख्यानांत छातीठोकपणे सांगतात, ते ऐकून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्यांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत.

सोलापुरात राहणाऱ्याला तर ही लवचीकता हवीच. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, ते कधी पहाटे तर कधी ऐन रात्री. ज्या पहाटे पाणी येतं त्या पहाटे टाकी, पिंप, घागरी भरून होईपर्यंत होम मैदानावर चालायला जायची वेळ टळलेली असते. म्हणून चालण्यासाठी मी "रोज" न लिहिता "आठवड्यातून चार वेळा" असं लावलं. चार खुणा झाल्या की उरलेले दिवस ॲप स्वतःच फिक्या खुणेने भरून घेतं, टक्के घसरत नाहीत. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकापासून होमापर्यंत, घरात पाहुणे आणि आम्ही सगळे मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या मागे. त्या दिवसांसाठी सेटिंगमध्ये "स्किप"ची सोय सुरू करून घेता येते. तसा दिवस गुणांत धरलाच जात नाही. मी ती सवलत यात्रेपुरतीच वापरली, एरवी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला तेव्हा चालणं पहाटेच उरकायचं ठरवलं, एवढाच बदल.

खरा कस लागला तो दुसऱ्या सवयीत, तेलुगू वाचायला शिकण्यात. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आजूबाजूला निम्मं बोलणं तेलुगूतून चालतं. बोललेलं बरंचसं कळतं, पण लिपी येत नव्हती. ॲपमध्ये सवय लिहिताना सोबत एक प्रश्न लिहायची जागा आहे, तोच प्रश्न आठवणीच्या वेळी समोर येतो. "तेलुगू शिकलास का?" या प्रश्नाला हो-नाहीत उत्तर देता येईना. मग तो असा झाला: "जेवणाच्या सुट्टीत, डबा झाल्यावर, मामांसमोर पाच ओळी मोठ्याने वाचल्या?" मामा म्हणजे आमच्याकडचे जुने जॉबर, मागांवर देखरेख ठेवणारे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी "अमुक झालं की तमुक करीन" अशा जर-तर बेतांवर बरंच काम केलंय. वेळ, जागा आणि कृती आधीच बांधून ठेवली की ऐनवेळी ठरवत बसावं लागत नाही. मला डबा बंद केला की हात आपोआप पुस्तकाकडे जायला लागला. एखाद्या दिवशी गेला नाही तर मामा विचारायचे, "काय ओ साहेब, आज वाचायचं नाही का?" गुणिंतालु, म्हणजे त्यांची बाराखडी, संक्रांतीपर्यंत झाली. जोडाक्षरांना शिमगा उजाडला. गेल्या महिन्यात मामांच्या पुतण्याची लग्नपत्रिका आली, ती मी कोणाला न विचारता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मामांनी ती कारखान्यात सगळ्यांना दाखवून हे सांगितलं.

म्हणून हेही मोकळेपणाने सांगतो: वाचायला बसवलं ते मामांच्या विचारण्याने, ॲपने नाही. ॲपने काम केलं ते आठवड्यांची खरी स्थिती समोर ठेवण्याचं. मला वाटायचं रविवारनंतर ढिलाई येते. वारांच्या आलेखात पाहिलं तर सगळ्यात जास्त चुकलेले वार शुक्रवार निघाले, पगारपत्रकाच्या गडबडीचे. त्यानंतर शुक्रवारचं वाचन सकाळी बसमध्ये केलं.

गुणवत्ता मात्र त्याला कळत नाही. मन लावून वाचलं काय नि उरकलं काय, खूण सारखीच. त्यासाठी मी त्या दिवसाच्या खुणेला छोटी टीप जोडतो: कुठलं अक्षर अडलं, कुठला शब्द नवा. महिन्याने त्या टिपा वाचण्यात जो आनंद आहे तो टक्क्यांत नाही. सवयी कितीही टाकता येतात, पण तीनच्या वर जाऊ नका. माझी तिसरी, रात्री वडिलांसोबत अर्धा तास फोन बाजूला ठेवून बसायची, ती ९० च्या वर आहे आणि तिचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

आयफोनवाल्यांना हे मिळणार नाही. दोन फोनांत आपोआप जुळवणीही होत नाही, त्यामुळे फोन बदलण्याआधी सेटिंगमधून पूर्ण बॅकअपची फाइल काढून ती दुसरीकडे ठेवा. खूण करायला बोट दाबून धरावं लागतं. एका टिचकीत व्हावी असं वाटत असेल तर तोही पर्याय तिथेच आहे.